घरातून पहिल्यांदाच पदवीला बसलेल्यांसाठी: अभ्यास आणि मन एकाच वेळी कसे सांभाळावे

जूनमध्ये प्रवेश, मग वर्ग, आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आगेमागे पहिली आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत चाचणी. कॉलेज सोडणारी मुले मी बहुतेक याच टप्प्यावर सोडताना बघितली आहेत. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे, काणकोण इथल्या वाड्यांवरून आलेली मुले चवथीला घरी जातात आणि त्यांतले एखाददुसरे परत येत नाही. फोन केला तर "मॅडम, मला नाही जमत" एवढेच उत्तर मिळते. फी थकलेली नसते, नापासही झालेले नसते. पहिल्या चाचणीत कमी गुण पडलेले असतात, त्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी बोललेले असते, झोप उडालेली असते, आणि हे सगळे सांगायचे कुणाला ते माहीत नसते.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी मुलांच्या एका गटाची मेंटर, म्हणजे त्यांच्या अडचणी बघणारी शिक्षिका, असते. मूळची सत्तरीची, धनगर समाजातली. आमच्या भागात सरकारी मराठी शाळा आली ती भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना. आजी शाळेची पायरी चढली नाही, वडील चौथीपर्यंत शिकले, मी विद्यापीठात गेले. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले २००३ साली, म्हणजे आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलांच्या जन्माच्या आसपास. वकिलाच्या किंवा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) मुलाला घरी जेवता जेवता जे कळते, ते आपल्याला चार ठिकाणी विचारून मिळवावे लागते. कुठे विचारायचे आणि कसे, ते खाली सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगते. अभ्यास मागे पडतो म्हणून मन खचते आणि मन खचते म्हणून अभ्यास मागे पडतो. कुठून सुरू झाले ते शोधत बसू नका. मदत मागताना दोन्हींची मागा, आणि एकाच आठवड्यात मागा. "आधी परीक्षा होऊ दे, मग मनाचे बघू" असे म्हणणारी काही मुले परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत.

"आपली अक्कलच कमी" हा विचार आधी तपासा

१९९५ साली अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एकच अवघड चाचणी दिली. "यातून तुमची बुद्धी मोजली जाईल" असे सांगितले तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. "आम्ही फक्त प्रश्न कसे सोडवले जातात ते बघतोय" असे सांगितले तेव्हा, आधीचे गुण हिशेबात घेता, तो फरक जवळजवळ उरला नाही. आपल्या देशातही असे काम झाले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची भूलभुलैया सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तोवर दलित मुले आणि वरच्या जातींतली मुले सारखीच चालली. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच.

असा परिणाम नेमका किती मोठा असतो यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण वर्गात ज्याला सतत वाटते की आपल्याकडे बघून सगळा समाज मोजला जाणार, त्याच्या डोक्याचा एक भाग त्याच काळजीत अडकतो आणि प्रश्नासाठी उरतो तो उरलेला भाग. हे मला पटते, कारण ते मी स्वतः भोगले आहे. मी शिकत असताना एका ठिकाणी शिष्यवृत्तीची यादी भर वर्गात, नावापुढे जात उच्चारून वाचली जायची. त्या दिवशी पुढचा तास डोक्यात शिरायचा नाही.

म्हणून पहिले काम सोपे आहे आणि ते कुणीही करू शकते. तुमच्या वर्गात किंवा ऑफिसात अशी यादी मोठ्याने वाचली जात असेल, तर वर्ग प्रतिनिधीमार्फत लेखी विनंती करा की नावे रोल नंबरने पुकारावीत किंवा निरोप वैयक्तिक द्यावा. अर्ज मराठीत चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीच्या वापराची सोय आहे.

पहिल्या पंधरवड्यात करायची कामे

आपला मेंटर कोण ते ऑफिसात विचारा. जवळजवळ प्रत्येक कॉलेजात ही व्यवस्था कागदावर असते. तुम्ही गेलात तरच ती कागदावरून उठते. जाताना अडचण घेऊनच गेले पाहिजे असे नाही. नाव सांगा, गाव सांगा, शेवटची बस किती वाजता आहे ते सांगा. शेवटच्या बसचे मुद्दाम म्हणतेय. साडेचारला निघावे लागणाऱ्या मुलीला पाचचा जादा तास मिळत नाही, आणि वर शिक्षकांना वाटते की हिला गरज नाही. हे माहीत झाल्यावर आमच्या विभागात जादा तास दुपारच्या सुट्टीत आणला गेला. कुणी सांगितलेच नसते तर तो पाचलाच राहिला असता.

अभ्यासक्रमाची छापील प्रत काढा आणि त्यावर आयएसएच्या तारखा पेन्सिलीने लिहा. तारखांच्या शेजारी घरची कामेही लिहा: काजूचे दिवस, भातलावणी, चवथ, वाड्यावरचे धालो, शिगमो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे वेळापत्रक आणि तुमचे वेळापत्रक एक नाही. काजूच्या दिवसांत पहाटे बागेत जाऊन मग वर्गात येणाऱ्या मुलाने मार्च-एप्रिलच्या असाइनमेंटा फेब्रुवारीतच उरकायला घ्याव्यात.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपली बहुतेक मुले इथेच अडतात. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आणि कॉलेजात एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तके. पाठ करून बारावी निघते, पदवीला ते पुरत नाही. मी मुलांना असे करायला लावते. नवा विषय सुरू झाला की आधी मराठी विश्वकोशातली त्याची नोंद वाचायची. ती इंटरनेटवर फुकट मिळते. अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, बहुतेक गोष्टी सापडतात. मग इंग्रजी प्रकरण उघडायचे. विषय डोक्यात असला की इंग्रजी वाक्ये तितकी अंगावर येत नाहीत. तिसरे, एका प्रश्नाचे एक पानभर उत्तर इंग्रजीत लिहून शिक्षकांना दाखवायचे. अख्खे प्रकरण घेऊन "सर, काही कळत नाही" असे म्हणत गेलात तर सरही काही करू शकत नाहीत.

शिक्षकांना निरोप पाठवायचा तर असा लिहा:

"सर, मी पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. 'मागणीची लवचिकता' हा भाग मी दोनदा वाचला. व्याख्या समजली, उदाहरण सोडवताना तिसऱ्या पायरीवर अडते. उद्या बाराच्या सुट्टीत दहा मिनिटे भेटू शकाल का?"

यात तुम्ही काय केले ते आहे, कुठे अडले ते आहे, आणि किती वेळ हवा तेही आहे. असा निरोप आला की मी स्वतः बहुतेक वेळा हो म्हणते.

पणजीत शिकत असाल तर पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आपले समजा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बसला दीड तास असेल तर स्थानकावरच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा तिथे बसा. घरी दोन खोल्यांत सहा माणसे आणि टीव्ही असताना वाचन होत नाही. त्यात तुमचा आळस नाही.

एकट्याने घासू नका

१९७० च्या दशकात बर्कली इथे युरी ट्रीझमन या गणिताच्या शिक्षकाला दिसले की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडतात. लोक म्हणत होते, तयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही, जिद्द नाही. ट्रीझमन मुलांच्या मागे मागे जाऊन बघत राहिला. मुले भरपूर अभ्यास करत होती, पण प्रत्येक जण एकटा. त्याच वर्गातले चिनी-अमेरिकन विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसत, एकमेकांच्या चुका काढत, जेवतानाही गणितावरच बोलत. मग त्याने सगळ्यांना एकत्र बसवून अवघड गणिते सोडवायला लावणारे गट सुरू केले, आणि गटातल्या कृष्णवर्णीय मुलांचे निकाल सुधारले. त्याने सोपी उजळणी दिली नाही, अवघडच गणिते दिली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या मुलांना "रेमेडियल" नावाच्या, मागे पडलेल्यांसाठीच्या वर्गात बसवतात तेव्हा ती अर्धी खचलेली असतात.

तुम्हीही तिघा-चौघांचा गट करा. सगळे एकाच समाजाचे, एकाच गावचे नकोत. एखादी म्हापशाची, एखादा वास्कोचा घ्या. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसा. आधी प्रत्येकाने गणित किंवा उत्तर स्वतः करून आणायचे, मग एकाने फळ्यावर करून दाखवायचे आणि बाकीच्यांनी अडवायचे. "मला समजले नाही" हे वाक्य गटात रोज कुणीतरी उच्चारते आणि काही आकाश कोसळत नाही, एवढे बघितले तरी छातीवरचे ओझे हलके होते.

वरच्या वर्गातल्या मुलांनाही गाठा. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराचा एक उपक्रम दिला होता. "आम्हालाही सुरुवातीला परके वाटायचे, पुढे ते कमी झाले" असे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायचे आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायचे, एवढेच. पुढची तीन वर्षे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढत गेले. तुमच्या बसमध्ये तुमच्याच भागातली तिसऱ्या वर्षाची मुलगी असेल. तिला विचारा, "ताई, पहिल्या सेमिस्टरला तुला कसे वाटायचे?" खरे उत्तर मिळाले तर घरी जाऊन ते वहीत लिहून ठेवा.

समुपदेशकाच्या खोलीत काय होते

खालच्या गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या तर वाट बघू नका: झोप न लागणे किंवा उठवतच नाही असे होणे, जेवण नकोसे होणे, आवडीची गोष्ट सुटणे, वर्गाच्या दारातून परत फिरणे, पान समोर ठेवून तास जाणे, "मी नसते तर बरे झाले असते" असे वाटणे. यांतली शेवटची असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळकपणे लावायचे आहेत. वंचित समाजांतून आलेल्या विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे आहे. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कुठे बसतात ते ऑफिसात विचारा. कुणालाच माहीत नसेल तर प्राचार्यांना या निर्देशांचा उल्लेख करून लेखी विचारा.

आता खोलीत काय होते ते सांगते, कारण मुले याच्याच भीतीने जात नाहीत. आत गेल्यावर बहुधा एक फॉर्म भरतात: नाव, वय, वर्ग, घरी कोण कोण. मग झोप, भूक, अभ्यास, मित्र यांबद्दल विचारतात. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हेही सरळ विचारतात. दचकू नका, हा प्रश्न सगळ्यांना विचारायचा असतो. काय बोलायचे ते सुचत नसेल तर चिठ्ठी लिहून न्या. माझ्या एका विद्यार्थिनीने वहीच्या पानावर लिहून नेले होते: "तीन आठवडे रात्री दोनपर्यंत झोप नाही. वर्गात नाव पुकारले की धडधडते. प्रॅक्टिकल दोनदा चुकवले. घरी सांगितलेले नाही." तिने तो कागद नुसता पुढे सरकवला. तेवढ्यावर बोलणे सुरू झाले.

तुम्ही अठरा वर्षांचे असाल तर घरच्यांची परवानगी लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगीच ती दुसऱ्याला सांगता येते. तरीही पहिल्याच भेटीत विचारून घ्या: "मी सांगितलेले कुणाकुणाला कळेल?" समुपदेशक कॉलेजातलेच असतील तर हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एकदा जाऊन मन जुळले नाही असेही होते. समोरच्या माणसाला वाडा म्हणजे काय, देवकार्य म्हणजे काय हे समजावण्यातच वेळ गेला, अशी तक्रार मी ऐकली आहे. ती खोटी नाही. दुसरी व्यक्ती मागा. पण तीन भेटी तरी द्या.

बोलण्याने खरेच काही होते का, असे विचारणाऱ्यांसाठी गोव्यातलाच पुरावा आहे. पर्वरीची संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत तपासली. नैराश्याच्या तीव्र त्रासातल्या लोकांशी डॉक्टर नसलेले, इथलेच, शिकवून तयार केलेले समुपदेशक सहा ते आठ वेळा बोलले. तीन महिन्यांनी, ज्यांना ही मदत मिळाली त्यांतले ६४ टक्के लोक त्रासातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले.

त्या पद्धतीचा गाभा असा की उत्साह येण्याची वाट न बघता सुटलेली एखादी छोटी गोष्ट परत सुरू करायची आणि मनावर काय होते ते बघायचे. हे तुम्ही आजपासून करू शकता. एक पान घ्या, सात दिवस आखा. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ काय केले आणि मन कसे होते ते दहापैकी आकड्यात लिहा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने असे पान भरले. तो गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. पहिल्या आयएसएत गुण गेले म्हणून त्याने तालमीला जाणे बंद केले होते, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. पानावर दिसले की संध्याकाळी सात ते नऊ तो मोबाईल घेऊन पडून असतो आणि आकडा दोन-तीनच्या वर जात नाही. मंगळवारी तो अर्धा तास पखवाजावर बसला. त्या संध्याकाळी त्याने सहा लिहिले, आणि त्याच रात्री आठवड्यात पहिल्यांदा एक उत्तर पूर्ण केले. अभ्यासासाठी खेळ, भजन, नाटकाच्या तालमी सोडा असे घरचे सांगतात. त्यांचे प्रेम मला मान्य आहे, सल्ला मान्य नाही.

औषधांची गरज वाटली तर बांबोळीची आयपीएचबी आहे. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळची ही सरकारी मनोरुग्ण संस्था विद्यापीठाच्या पठारावरून लांब नाही. लोक तिचे नाव दबक्या आवाजात घेतात. तिथे केस पेपर काढून डॉक्टरांना भेटून घरी येणारी माणसेच जास्त, दाखल होणारी थोडी. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचार विभाग आहेत. गोळ्या सुरू झाल्या तर बहुतेकदा फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतात. मध्येच आपल्या मनाने बंद करू नका.

टोमणे आले तर

"कोट्यातून आलीस." "जंगलातून आलास काय?" रंगावरून "काळी". आडनाव ऐकून "अच्छा, म्हणजे तुम्ही ते." हसण्यावारी नेता येते तोवर मुले हसतात, आणि रात्री तेच वाक्य आठवत जागी राहतात.

त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होते. मोबाईलवर आले असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेवा. तक्रार करायची की नाही ते नंतर ठरवा. पण आठवणीने लिहिलेली तक्रार आणि त्याच दिवशी लिहिलेली नोंद यांत ऑफिसात फार फरक पडतो.

कायदा तुमच्या बाजूने आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगची व्याख्या वाढवली. रंग, वंश, धर्म, जात, भाषा, जन्मस्थान, राहण्याची जागा किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलेला मानसिक त्रास, वाळीत टाकणेसुद्धा, रॅगिंगमध्ये येतो. त्रास झालेला विद्यार्थी नवाच असला पाहिजे असेही नाही. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. त्रास शिक्षकाकडून होत असेल तर आयोगाच्या २०१२ च्या समता नियमांप्रमाणे कॉलेजात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवेत. तक्रार त्यांच्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याचा सगळ्यांसमोर मुद्दाम जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. आमच्यासारख्या ओबीसींना तो लागू नाही.

तक्रार द्यायला एकटे जाऊ नका. आणि तक्रार दिल्यानंतरच्या दिवसांत समुपदेशकाची भेट आधीच ठरवून ठेवा, कारण खरा ताण तेव्हाच येतो.

पैशाचे थोडक्यात

अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कल्याण खात्याची गगन भरारी योजना आहे. इतर मागासवर्गीय आणि अनुसूचित जातींनी समाजकल्याण खात्यात चौकशी करावी. शैक्षणिक विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्जही आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये कचेरीत रांगा लागतात. पैसे उशिरा जमा होतात, म्हणून फीची मुदत वाढवून मागणारा अर्ज आधीच द्या. भीक मागतोय असे वाटून घेऊ नका. तो तुमच्यासाठीच ठेवलेला पैसा आहे.

घरी कसे सांगावे

"डिप्रेशन" म्हटले की आई घाबरते. "झोप येत नाही, डोके चालत नाही, डॉक्टर म्हणाले उपचाराने बरे होते" असे सांगा. घरचे घाड्याकडे (देवाचे उतारे करणाऱ्याकडे) नेतील, देवाला कौल लावतील. त्यावर भांडू नका. देवाचे देवाला करू दे, गोळ्या आणि समुपदेशकाच्या भेटी चालू राहू देत, एवढे पदरात पाडून घ्या. घरातले एक माणूस निवडा, मोठी बहीण, मामा, शिकलेला चुलतभाऊ, आणि आधी त्याला सांगा. मेंटरला घरी फोन करायला सांगू शकता. मी असे फोन करते. वडिलांना मुलीची काळजी बाहेरच्या माणसाकडून ऐकल्यावर ती खरी वाटते, हे बरे नाही, पण तसे होते.

कुणी मरणाचे बोलले तर

हसण्यावारी नेऊ नका, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊ नका. सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटे सोडू नका. खोलीत औषधांचा साठा, कीटकनाशक असे काही असेल तर तिथून हलवा. बागायतीच्या घरांत फवारणीचे औषध हाताशी असते, म्हणून घरच्यांनाही सांगा. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येते. लगेच धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा थेट गोमेकॉच्या तातडीच्या विभागात न्या. पोलीस केस होईल या भीतीने थांबू नका. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच २०१७ चा कायदा मानतो, आणि त्याला शिक्षा देण्याऐवजी त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

नाव कमी करण्याचा अर्ज लिहिण्याआधी

दहा दिवस वर्ग चुकले, आयएसए बुडाली, आता तोंड कसे दाखवू, असे वाटत असेल तर आधी डॉक्टरांचे किंवा समुपदेशकाचे पत्र घ्या आणि मेंटरबरोबर विभागप्रमुखांना भेटा. बुडालेली चाचणी परत घेता येते का, हजेरीत सवलत मिळते का, हे विचारा. एखाद्या विषयात एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय राहिला, तरी पुढचे सेमिस्टर चालू ठेवता येते का, तेही तिथेच विचारून घ्या.

आणि खरेच थांबायची गरज असेल तर नीट थांबा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पहिले वर्ष पूर्ण करून, ठरलेला छोटा व्यावसायिक कोर्स करून बाहेर पडणाऱ्याला सर्टिफिकेट मिळते, दोन वर्षांनंतर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांपर्यंत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेली क्रेडिट ॲकॅडेमिक बँकेच्या खात्यात राहतात. म्हणून नुसते येणे बंद करू नका. आपली किती क्रेडिट जमा आहेत ते ऑफिसातून लेखी घ्या, परत येण्याची प्रक्रिया विचारून घ्या, आणि मेंटरचा नंबर जपून ठेवा.